सप्लाय चेनमध्ये रिसर्च गॅप शोधायचा कसा? कांद्याच्या निमित्ताने

मंजिरी_पुणे
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करतेय, विषय शेतमालाची सप्लाय चेन. कोर्सवर्क झालं, आता आरएसीपुढे (संशोधन सल्लागार समिती) सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, ठेवायचाय आणि गाईडचा एकच प्रश्न आहे, "गॅप काय?" पेपर भरपूर वाचलेत. बहुतेकांच्या शेवटच्या परिच्छेदात तेच असतं, सॅम्पल लहान होतं, इतर देशांत अभ्यास व्हावा, इतर पिकांवर व्हावा. त्यावरून मी लिहिलं की "नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या सप्लाय चेनचा समग्र अभ्यास झालेला नाही". गाईड म्हणाले हा गॅप नाही, ही फक्त जागा आहे. त्यांचं म्हणणं पटतंय, पण मग गॅप म्हणजे नक्की काय आणि तो दिसतो कुठे? इथे संशोधनातले लोक आहेत, कंपनीतले आहेत, शेतकरीही आहेत म्हणून विचारतेय. सगळ्यांनी लिहा प्लीज.

शोधयात्री
आधी शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) बघा. कांदा, विपणन, नाशिक असे शब्द मराठी-इंग्रजी दोन्हीत टाकून शोधा. "अभ्यास झालेला नाही" हे वाक्य तिथेच बाद होईल.

सर_सोलापूर
मंजिरी, मी काही वर्षं पीएचडीला गाईड करतोय, पद्धत सांगतो. आधी शोधाचे शब्द पक्के कर, मग स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या पेपर शोधायच्या दोन्ही डेटाबेसमध्ये तेच शब्द चालव, किती पेपर आले, कुठले का वगळले हे प्रिझ्माच्या, म्हणजे निवडीचे टप्पे दाखवणाऱ्या ठराविक, आकृतीत दाखव. ट्रॅनफिल्ड, डेनियर आणि स्मार्ट यांनी २००३ मध्ये मॅनेजमेंटसाठी ही सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची पद्धत मांडली, तेव्हापासून ती रुळली आहे. मग एक्सेलमध्ये तक्ता: कोणी, कुठल्या वर्षी, कुठल्या थिअरीवर, कुठल्या पद्धतीने, कुठल्या ठिकाणी आणि निष्कर्ष काय. शंभरेक ओळी भरल्या की रिकामे कप्पे आपोआप दिसतात. आरएसीला हे दाखवलं की प्रश्न कमी येतात, कारण तू कुठून कुठे आलीस ते त्यांना कळतं.

खाडीपलीकडे
सरांच्या तक्त्याला विरोध नाही, मीही तो करतो. पण रिकाम्या कप्प्याला गॅप म्हणायला माझा ठाम विरोध आहे. (नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक करतोय, ऑपरेशन्समध्येच.) कप्पा रिकामा असण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं की तिथे बघण्यासारखं काही नसतं. अॅल्व्हेसन आणि सँडबर्ग यांचा २०११ चा पेपर यावरच आहे. ते म्हणतात की आपण नुसत्या भेगा हुडकतो आणि सगळे जे गृहीत धरतात त्याला हातच लावत नाही.

उदाहरण देतो. बुलव्हिप इफेक्ट सगळ्यांना पाठ असतो, दुकानात मागणी थोडी हलली की मागे कारखान्यापर्यंत ऑर्डरी जास्त जास्त हेलकावतात. फॉरेस्टरने १९६१ मध्ये ते दाखवलं, ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणं सांगितली, फोरकास्ट पुन्हा पुन्हा बदलणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, किमतींची चढउतार आणि टंचाईच्या भीतीने फुगवून मागणं. पुढे दहा वर्षं लोक "तो कमी कसा करायचा" यावर लिहीत राहिले. मग २००७ मध्ये काशाँ, रँडल आणि श्मिट यांनी साधा प्रश्न विचारला, तो खरंच आहे का? अमेरिकेतल्या उद्योगांचा महिनावार डेटा घेतला, तर घाऊक व्यापारात तो दिसला, पण किरकोळ व्यापारात आणि बहुतेक उत्पादन उद्योगांत दिसला नाही. २०१२ मध्ये ब्रे आणि मेंडेलसन यांनी एकेक कंपनी घेऊन बघितलं, तर सुमारे दोन तृतीयांश कंपन्यांत तो होता. म्हणजे डेटा उद्योगाचा एकत्र घेतला तर एक उत्तर, कंपनीचा घेतला तर दुसरं. याला मी गॅप म्हणतो. दोन चांगले पेपर एकमेकांशी जुळत नाहीत आणि ते का जुळत नाहीत हे सांगता येतं.

पीपीसीवाला
चाकणला पीपीसी (उत्पादनाचं नियोजन) बघतो, टियर टू व्हेंडरकडे, म्हणजे पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे. पेपर वाचत नाही पण बुलव्हिप रोज जगतो हो. महिन्याचं शेड्यूल येतं, त्यात आठवड्याला बदल, मग गुरुवारी रात्री फोन की अमुक पार्ट सकाळी पहिल्या शिफ्टला पाहिजे नाहीतर लाइन थांबेल. कस्टमरला वाटतं आपण फक्त शे-दोनशे पीस वाढवले, आमच्याकडे डाय बदलावी लागते, सेटअप जातो, कच्चा माल पूर्ण कॉइल घ्यावा लागतो, अर्धी कॉइल कोणी देत नाही. तुमच्या पेपरमध्ये हा सेटअप कोण मोजतं?

अजून एक सांगतो. पेमेंट. एमएसएमई कायदा २००६ चा, त्यात ४५ दिवसांची मर्यादा आहेच, आणि १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आलं, म्हणजे मायक्रो आणि स्मॉल व्हेंडरला वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. कायदा आमच्यासाठीच आहे. पण आमच्या एका मोठ्या कस्टमरने लगेच विचारलं की तुम्ही मीडियममध्ये, म्हणजे या नियमाच्या बाहेर, कधी जाताय. म्हणजे वेळेत पैसे देण्यापेक्षा व्हेंडर बदलणं सोपं असं काही लोकांना वाटलं. आता यावर कोणी अभ्यास करावा ना, कायद्याने पैसे लवकर आले की ऑर्डर दुसरीकडे गेली? पुरवठादाराच्या बाजूने उभं राहून लिहिलेलं काही सापडत असेल तर इथे द्या, मी वाचेन.

खाडीपलीकडे
पीपीसीवाला, हा प्रश्न उत्तम आहे आणि याला आधीचा-नंतरचा असा स्वच्छ काळही आहे. कोणाला विषय हवा असेल तर खरंच घ्या.

भटकभवानी
मुंबईच्या डबेवाल्यांवर का नाही करत? जगभरात नाव आहे.

शोधयात्री
@भटकभवानी, हार्वर्ड बिझनेस स्कूलची केस २०१० ला येऊन गेली, त्याआधी-नंतरही बरंच लिहिलंय. माझा आक्षेप मात्र वेगळा. इतक्या लाख डब्यांमागे एक चूक हा आकडा मी वाचलेला प्रत्येक लेख आधीच्या लेखाचा हवाला देऊन सांगतो. चुका कोणी, कशा, किती दिवस मोजल्या ते मला कुठे मिळालं नाही. डबेवाल्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, मोजायला कोणी बसला तर तेही मोठं काम होईल.

भटकभवानी
बरं बरं. मी आपली धागा वाचून कांदाभजी करायला घेतली आहे, चालू द्या.

चांदवडचा_बापू
मंजिरीताई, कांद्याचं चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडं उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो आणि तोच चाळीत ठेवायचा असतो, पोळ लाल अन् रांगडा टिकत नाही, तो काढला की मार्केटला. चाळ म्हणजे जमिनीपासून वर उचललेली, दोन्ही बाजूला फटी, वर पत्रा नाहीतर कौल, मध्ये हवा खेळली पाहिजे. भरताना पात नीट वाळलेली, मान बारीक झालेली, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) अन् जोड (जुळा) कांदा बाजूला काढलेला.

आता लोक विचारतात घट किती. एक आकडा सांगताच येत नाही. पहिल्या दीड-दोन महिन्यात नुसतं पाणी उडतं, वजन उतरतं पण माल चांगला दिसतो. मग आषाढ-श्रावणात दमट हवा लागली की सड सुरू, ती खालच्या थरातून अन् मधून, वरून काहीच कळत नाही. वासावरून कळतं. अन् सप्टेंबर-ऑक्टोबरला ज्याला सड लागली नाही त्याला कोंब फुटायला लागतात. एकाच गावात दोन चाळींचा हिशोब जुळत नाही, कारण एकाला शेवटचं पाणी उशिरा दिलेलं असतं, एकाने युरिया जास्त टाकलेला असतो, एकाला काढणीला अवकाळीने गाठलेलं असतं.

अन् खरी मेख पुढं आहे. चाळ थोडी फोडून बघावी म्हटलं तर हलवलेला माल परत ठेवला की लवकर जातो. म्हणजे आत काय आहे ते बघायचं तर विकायची तयारी ठेवूनच बघायचं. भाव वाढेल म्हणून थांबावं तर आत सडतंय का माहिती नाही. हा निर्णय शेतकरी रोज सकाळी मोबाईलवर लासलगाव-पिंपळगावचे भाव बघून घेतो. तुमच्या पुस्तकात हे कुठं आहे का, ते सांगा.

मंजिरी_पुणे
बापू, तुम्ही लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. एक विचारायचं होतं. पेपरमध्ये कांद्याची साठवणीतली घट सरसकट ३० ते ४० टक्के लिहिलेली असते. ती खरी मानायची का?

चांदवडचा_बापू
ऑक्टोबरपर्यंत ठेवला अन् साल वाईट असलं तर तेवढीही जाते, त्याहून जास्तही गेलेली बघितलीय. जूनला विकला तर तेवढी कशी जाईल? किती महिने ठेवला ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

अन्नपूर्णा_फूडटेक
मी पोस्ट-हार्वेस्टमध्ये काम करते, इथे बोलायलाच पाहिजे. लुधियानाच्या सीफेटचा (काढणीनंतरच्या तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था) देशभरचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात फळं-भाज्यांचं नुकसान पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के निघालं, सगळ्यात जास्त पेरूचं. कांदा ८ टक्क्यांच्या आसपास. आणि भाषणांतून, पेपरच्या प्रस्तावनांतून काय फिरतं, तर "भारतात ४० टक्के फळं-भाजी वाया जाते". दोन्ही आकडे एकाच वेळी कोल्ड स्टोरेजच्या योजनांना आधार म्हणून दिलेले मी बघितलेत.

यात कोणी खोटं बोलतंय असं नाही. प्रश्न व्याख्येचा आहे. देशभराची सरासरी काढली तर त्यात काढणीनंतर लगेच विकला गेलेला कांदाही येतो, आणि तो बराच असतो. चाळीतला ३०-४० हा फक्त चार-सहा महिने ठेवलेल्या मालाचा. शिवाय पाणी उडून उतरलेलं वजन नुकसान धरायचं का? शेतकऱ्यासाठी ते नुकसानच आहे, क्विंटलवर पैसे मिळतात. खाणाऱ्यासाठी नाही. आणि कोंब आलेला कांदा फेकत नाहीत, स्वस्तात जातो, म्हणजे किमतीचं नुकसान, वजनाचं नाही. मंजिरी, तुझ्या तक्त्यात "नुकसान म्हणजे काय मोजलं" असा एक कॉलम घाल, मग बघ काय होतं.

सर_सोलापूर
हा कॉलम फार मोलाचा सुचवलात. मी त्यात अजून भर घालतो. नाशवंत मालाच्या इन्व्हेंटरी मॉडेल्सचा उगम घारे आणि श्रेडर यांच्या १९६३ च्या पेपरपर्यंत जातो. त्यात माल ठराविक दराने कमी होत जातो असं धरलंय, एक्स्पोनेन्शियल. नंतर दर बदलता धरणारी, वाइबुल हे सांख्यिकी वितरण वापरणारीही मॉडेल्स आली, त्यामुळे "दर स्थिर धरतात" एवढाच गॅप कोणी लिहिला तर परीक्षक परत पाठवील. पण बापूंनी जे सांगितलं ते वेगळं आहे. आत किती चांगला माल शिल्लक आहे हे मालकालाच माहीत नाही, आणि बघायला गेलं की माल खराब व्हायचा वेग वाढतो. तपासणीचीच किंमत मालाला द्यावी लागते. दुसरं, ही बहुतेक मॉडेल्स दुकानदाराच्या जागी उभी असतात, किती मागवायचं आणि कधी मागवायचं. शेतकरी काही मागवत नाही. त्याच्याकडे वर्षातून एकदा माल येतो आणि मग फक्त कधी आणि किती सोडायचा हेच हातात असतं.

खाडीपलीकडे
सर, इथे मला थोडं थांबवायचंय. "कधी सोडायचा" यावर साहित्य नाही असं नाही, ते आपल्या शाखेत नाही इतकंच. अर्थशास्त्रात साठवणुकीची थिअरी १९५८ च्या गुस्ताफसनपासून आहे, धान्य आज विकायचं की पुढच्या हंगामाला ठेवायचं यावर खूप काम झालंय. पण तिथे माल सहसा गहू-मक्यासारखा, टिकाऊ, घट लहान आणि ठरलेली. आपल्या शाखेत घट तपशिलात धरतात पण बाजारभाव बहुतेक वेळा बाहेरून दिलेला. दोघं एकमेकांना फारसं वाचत नाहीत. कांदा बरोबर मध्ये पडतो. मंजिरी, तक्ता करताना फक्त मॅनेजमेंटची जर्नल्स घेतलीस तर हे दिसणारच नाही, कृषी अर्थशास्त्राचे कीवर्ड वेगळे आहेत.

द्राक्षवेल
आमच्याकडे द्राक्षं, म्हणून थोडं वेगळं लिहिते. २०१० मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, कित्येक बागायतदार कर्जात गेले. गंमत म्हणजे ग्रेपनेट (निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंद) २००६ पासून होतं, बागेपर्यंत माग काढता येत होता, लॅब टेस्ट होत होत्या, पण त्या वेळी तपासायच्या यादीतच ते रसायन नव्हतं. ट्रेसेबिलिटीवर वाचते तेव्हा सगळीकडे "माग काढता आला की धोका कमी" असं असतं. माग काढता आला म्हणून उलट कोणाचा माल ते लगेच कळलं, पण पैसे कोणाचे बुडाले? बागायतदाराचे. धोका कमी होतो की खाली सरकतो, हा मला प्रश्न वाटतो. ब्लॉकचेनवर पेपर लिहिणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

२०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली तेव्हाही तेच. वाढलेले दिवस द्राक्षाच्या देठावर दिसतात, देठ वाळून तपकिरी झाला की तिकडे भाव पडतो.

पीपीसीवाला
द्राक्षवेल ताई, हे आमच्याकडेही आहे. पार्टवर लॉट नंबर, हीट नंबर सगळं असतं, रिजेक्शन आलं की डेबिट नोट बरोबर आमच्या नावाने येते.

चांदवडचा_बापू
सरकारचं कोणी बोललंच नाही. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी, मे २०२४ ला बंदी उठली पण किमान निर्यात मूल्य टनाला ५५० डॉलर अन् शुल्क ४० टक्के. सप्टेंबरला मूल्य काढलं अन् शुल्क २० वर आणलं, अन् १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. बंदी आली तेव्हा लाल कांदा निघत होता, तो ठेवता येत नाही म्हणून पडेल भावात द्यावा लागला. आमच्या हिशोबात सडण्याइतकीच या निर्णयाची भीती असते, म्हणून बरेच जण माल चांगला असतानाही चाळ लवकर रिकामी करतात. मग दिवाळीच्या आधी शहरात भाव चढला की लोक म्हणतात साठेबाजी.

मंजिरी_पुणे
बापू, हे वाचून एक गोष्ट डोक्यात आली. म्हणजे घट आणि धोरणाची भीती या दोन्ही गोष्टींमुळे शेतकरी लवकर विकतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीत फरक दिसत नाही. घट कमी करायला चांगल्या चाळीला अनुदान दिलं, लासलगावला २००२ पासून भाभा अणु संशोधन केंद्राचं, कांदा टिकावा म्हणून काढलेलं विकिरण केंद्र आहे, तरी धोरणाच्या भीतीने विकणारा त्याने थांबणार नाही. मग कुठल्या कारणाने किती माल लवकर बाहेर येतो हे वेगळं करता येईल का?

खाडीपलीकडे
मंजिरी, हाच प्रश्न. सिनॉप्सिसमध्ये "अभ्यास झालेला नाही" हे वाक्य कुठेही घालू नकोस. असं लिही: साहित्यात लवकर विक्रीचं कारण एकतर पैशाची निकड नाहीतर घट असं दिलंय, इथे तिसरं कारण आहे आणि ते वेगळं मोजलं नाही तर चाळीच्या योजनेचं मूल्यमापन चुकतं.

सर_सोलापूर
प्रश्न छान आहे पण डेटा? अॅगमार्कनेटवर (बाजार समित्यांच्या भावांची सरकारी वेबसाईट) रोजची आवक आणि भाव मिळतील. चाळींत किती माल आहे हे कुठेच मिळणार नाही. तीन वर्षांत, नोकरी करून, हे झेपायला हवं. आरएसीत पहिला प्रश्न मीच हा विचारला असता.

अन्नपूर्णा_फूडटेक
घटीचा भाग झेपेल. आम्ही जाळीच्या पिशव्या वजन करून, खूण करून चाळ भरतानाच वेगवेगळ्या थरांत ठेवतो, खाली, मध्ये, वर. शेतकरी चाळ फोडेल तेव्हा पिशव्या निघतात, मग वजन, सड, कोंब वेगवेगळं मोजायचं. चाळ मुद्दाम हलवावी लागत नाही. सोबत आत तापमान-आर्द्रतेचा छोटा लॉगर टाकला की झालं. वीस-तीस चाळी एका व्यक्तीला जमतात.

शोधयात्री
आणि चॅटजीपीटीला गॅप विचारून सिनॉप्सिस करू नका रे कोणी. आमच्या विभागात एकाच्या साहित्य आढाव्यात असे पेपर निघाले जे अस्तित्वातच नव्हते, नावं मात्र अगदी खरी वाटत होती. सगळं परत करावं लागलं त्याला.

द्राक्षवेल
मंजिरी, लिलावाचाही विचार कर. ट्रॉलीतला वरचा माल हाताने चाचपून बोली लागते, पण मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरवताना आतला माल कमी निघाला म्हणून भाव तोडतात, तो तोडलेला भाव कुठल्या वेबसाईटवर येतो? शेतकऱ्याच्या हातातली पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) आणि ऑनलाइन भाव वेगळे असू शकतात. अॅगमार्कनेटवर विसंबलीस तर हा फरक हातून जाईल. पट्ट्या गोळा कर.

सर_सोलापूर
पट्ट्यांचा मुद्दा मान्य. सॅम्पलिंगच्या प्रकरणात तो आधी लिही.

मंजिरी_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाईडना हे तीन ओळीत सांगितलं: उन्हाळ कांद्याचे साठवणूकदार शेतकरी माल केव्हा सोडतात, त्यात न दिसणारी घट किती आणि निर्यात धोरणाची भीती किती, आणि घोषित भाव आणि पट्टीतला भाव यातला फरक त्या निर्णयात येतो का. त्यांनी तिसरा भाग वेगळा पेपर कर म्हणून काढायला सांगितला, पहिले दोन ठेवले. अर्थशास्त्रातला एक सहमार्गदर्शकही बघ म्हणाले. तक्त्यात "काय मोजलं" आणि "कोणाच्या जागी उभं राहून" असे दोन कॉलम घातलेत, पहिल्या चाळीस पेपरमध्ये शेतकऱ्याच्या जागी उभे असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

बापू, चांदवड-देवळा भागात चाळींमध्ये पिशव्या ठेवू देतील का लोक?

चांदवडचा_बापू
आमच्या भाऊबंदांच्या अन् शेजाऱ्यांच्या चाळींचं मी बोलतो. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याआधी या, एकदा चाळ भरली की मध्ये पिशवी घालता येणार नाही. अन् निकाल आम्हाला मराठीत द्या, दिवाळीनंतर पुढच्या उन्हाळची रोपं टाकायच्या आधी मिळाला तर कामाचा.

पीपीसीवाला
माझ्या ४३बी(एच) च्या प्रश्नाला अजून कोणी घेतलं नाही. पुण्यात कोणी एमबीए फायनान्सवाला असेल तर मेसेज करा, आमच्या असोसिएशनमधले व्हेंडर बोलायला तयार आहेत.